'सर्व्हर डाऊन'च्या पाटीमागे

भातकुली : मे महिन्याचे अखेरचे दिवस. पेरणी तोंडावर आलेली. पीक कर्जासाठी बँकेला सातबारा आणि आठ-अ हवा असतो, आणि त्यासाठी सेवा केंद्राच्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आतून दोनच शब्द ऐकू येतात, 'सर्व्हर डाऊन'. खोलापूर किंवा आष्टीहून सकाळच्या गाडीने आलेल्या माणसाचा दिवस तेवढ्यावर मोडतो. हा सर्व्हर कुठे असतो, तो 'डाऊन' का होतो आणि तो पुन्हा उभा कोण करतो, हे खिडकीबाहेरच्याला ठाऊक नसते. खिडकीच्या आत बसलेल्यालाही बहुधा नसतेच.

सर्व्हर भातकुलीत नाही, ही यातील पहिली गोष्ट. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये शुल्क भरले की तो घरबसल्या निघतो, असे त्याचे स्वरूप आहे. उतारा भातकुलीच्या जमिनीचा असला, तरी त्याची नोंद ठेवणारे यंत्र तालुक्याबाहेरच्या माहिती केंद्रात, थंड हवेच्या बंद दालनात, लोखंडी मांडणीवर एकावर एक रचलेल्या सर्व्हरांपैकी एक असते. तलाठ्याचे दप्तर गावात होते तेव्हा ते एका गावापुरते बिघडायचे. आता बिघाड झाला, तर तो एकाच वेळी अनेक तालुक्यांना भोवतो. म्हणूनच त्या यंत्राची निगा कशी राखली जाते, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा उरलेला नाही.

'डाऊन' होण्याची कारणे अनेक असतात. रस्त्याच्या कामात केबल तुटते, मुदतीच्या शेवटच्या दिवशी लाखो लोक एकदम तुटून पडतात, कधी आज्ञावलीतच चूक निघते. प्रत्येक खोळंब्याचे खापर एकाच कारणावर फोडणे योग्य नव्हे. मात्र या सर्वांत ज्याची चर्चा सर्वांत कमी होते, असे एक कारण आहे: सर्व्हरच्या ड्रायव्हर आणि फर्मवेअरचे न केलेले, चुकीच्या वेळी केलेले किंवा चुकीच्या पद्धतीने केलेले अद्ययावतीकरण.

दुभाष्या आणि अंगभूत सवय

संगणकाचा प्रत्येक महत्त्वाचा भाग हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड, अनेक डिस्क एकत्र सांभाळणारा रेड कंट्रोलर, मुख्य फलकावरील बायोस, इतकेच काय, वीज पुरवणाऱ्या डब्यातही आपापली आज्ञावली कारखान्यातूनच भरून येते. या अंगभूत आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. ड्रायव्हर हा त्याच्या अलीकडचा. तो विंडोज किंवा लिनक्ससारख्या कार्यप्रणालीत राहतो आणि कार्यप्रणालीचे म्हणणे त्या भागाला, व त्या भागाचे म्हणणे कार्यप्रणालीला समजावून सांगतो. एका परीने तो दुभाष्याच. पलीकडच्याने बोलण्याची रीत बदलली आणि दुभाष्या जुनाच राहिला, तर संभाषण अडखळते. कधी ते सरळ थांबत नाही, तर अधूनमधून चुकते, आणि हा प्रकार अधिक घातक असतो. कारण सर्व्हर चालू दिसतो, पण उतारा उघडायला पाच मिनिटे लागतात आणि दोष कुणाचा, हे आठवडाभर सापडत नाही.

घरच्या संगणकात हे सारे आपोआप घडत असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. सर्व्हरची गोष्ट निराळी. एकाच सर्व्हरमध्ये फर्मवेअर असलेले डझनभर भाग सहज असतात, ते वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेले असतात, आणि माहिती केंद्रात असे शेकडो सर्व्हर असतात. मग प्रश्न उभा राहतो तो असा की, या सर्व भागांसाठी निघणारी नवी आवृत्ती कोणत्या वेष्टनात घ्यायची आणि ती यंत्रापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचवायची.

सुटे की गाठोडे?

किराणा दुकानात डाळ सुटी मिळते आणि पुडीतही मिळते. येथेही तसेच आहे. सुट्या प्रकारात प्रत्येक भागाची नवी आवृत्ती स्वतंत्र फाइल म्हणून येते. डेल कंपनीचे 'डेल अपडेट पॅकेज' हे याचे परिचित उदाहरण. ही फाइल चालवली की ती आधी पाहते, आपण या यंत्राला लागू आहोत का, येथे आधीच नवी आवृत्ती आहे का. मगच ती काम करते आणि काय केले त्याची नोंद ठेवते. एखादाच दोष दूर करायचा असेल, तर ही पद्धत सोयीची. अडचण अशी की, नेटवर्क कार्डाची आजची आवृत्ती आणि बायोसची तीन वर्षांपूर्वीची आवृत्ती एकत्र कशी नांदतील, याची परीक्षा सहसा कुणी घेतलेली नसते. ती परीक्षा मग प्रत्यक्ष चालत्या सर्व्हरवर होते.

गाठोड्याचा प्रकार याच्या उलट. हिवलेट पॅकार्डने प्रोलायंट सर्व्हरसाठी पूर्वी ड्रायव्हरचा संच वेगळा आणि फर्मवेअरची तबकडी वेगळी, अशी विभागणी ठेवली होती. २०१२ च्या सुमारास दोन्ही एकत्र करून 'सर्व्हिस पॅक फॉर प्रोलायंट' हे एकच गाठोडे देण्यास सुरुवात झाली. लेनोव्होचा 'अपडेटएक्सप्रेस सिस्टिम पॅक' याच जातकुळीतला. या संचातील सर्व आवृत्त्या कंपनीने एकमेकांसोबत चालवून पाहिलेल्या असतात, हा त्याचा मोठा गुण. दोष दोन. एक, गाठोडे कित्येक गिगाबाइटचे असते. दुसरा, एका डिस्कचा दोष काढण्यासाठी सारे यंत्र उलटेपालटे करावे लागते.

तिसरी वाट कार्यप्रणालीची. विंडोजच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणातून ड्रायव्हर येतात. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर मूळ गाभ्यासोबतच मिळतात आणि 'एफडब्ल्यूअपडी' नावाच्या सेवेमार्फत अनेक कंपन्यांचे फर्मवेअरही एकाच ठिकाणाहून घेता येते. ही वाट सर्वांत कमी कष्टाची. पण सर्व्हर बनवणाऱ्याने तपासलेला ड्रायव्हर आणि कार्यप्रणालीने आणून ठेवलेला ड्रायव्हर यांत तफावत पडू शकते, आणि दोन्ही वाटा एकाच यंत्रावर खुल्या ठेवल्या, तर आज एकाने बसवलेले उद्या दुसरा बदलतो. दोन सुनांनी एकाच भाजीत मीठ घालावे, तसे. अनुभवी व्यवस्थापक म्हणून कार्यप्रणालीला सर्व्हरच्या ड्रायव्हरांना हात लावू देत नाहीत. ते गाठोड्यावर आधार ठेवतात आणि सुटी फाइल फक्त तातडीच्या दोषापुरती वापरतात. अर्थात, हा शहाणपणा पुस्तकातून कमी आणि फटके खाऊन अधिक येतो.

वेष्टनाएवढाच वाटेचा प्रश्न महत्त्वाचा. कार्यप्रणाली चालू असताना आतून अद्ययावत करता येते. यंत्र बंद करून तबकडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून चालू करून करता येते. आणि सर्व्हरच्या पोटात असलेल्या एका स्वतंत्र देखरेख चकतीमार्फत, दुरून, मुख्य यंत्र बंद असतानाही करता येते. या चकतीला हिवलेट पॅकार्ड 'आयएलओ' म्हणते आणि डेल 'आयड्रॅक'. शेकडो सर्व्हर असलेल्या माहिती केंद्रात ही तिसरी पद्धत वरदानच ठरते. मात्र जी चकती दुरून सारे काही करू शकते, तिचे दार उघडे राहिले तर चोरही दुरूनच सारे काही करू शकतो. ऑगस्ट २०१७ मध्ये आयएलओच्या चौथ्या आवृत्तीत एक दोष जाहीर झाला. ठरावीक जागी इंग्रजी 'ए' हे अक्षर सलग २९ वेळा पाठवले की, पासवर्ड न विचारता दार उघडत असे. दोष दूर करणारे फर्मवेअर तेव्हाच उपलब्ध होते. एप्रिल २०१८ मध्ये, इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या आयएलओ चकत्यांमध्ये शिरून डिस्क कुलूपबंद केल्याचा दावा करणारे आणि खंडणी मागणारे हल्ले उघडकीस आले.

३२,७६८ तासांचे आयुष्य

अद्ययावत न करण्याची किंमत काय असते, याचे याहून बोलके उदाहरण नोव्हेंबर २०१९ मध्ये समोर आले. हिवलेट पॅकार्ड एंटरप्रायझेसने आपल्या ग्राहकांना कळवले की, काही विशिष्ट सॉलिड स्टेट डिस्क ३२,७६८ तास चालल्यानंतर कायमच्या बंद पडतील. कालगणनेत सांगायचे तर ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. त्यानंतर डिस्कही गेली आणि तिच्यातील माहितीही. यंत्र झिजल्यामुळे हे होणार नव्हते, फर्मवेअरमधील चुकीमुळे होणार होते. हा आकडाच पुरेसा सूचक आहे. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात, आणि संगणकात एका ठरावीक प्रकारच्या मोजणीची मर्यादा ३२,७६७ वर संपते. उपाय साधा होता, 'एचपीडी८' ही नवी आवृत्ती बसवणे. मार्च २०२० मध्ये आणखी काही डिस्कबाबत अशीच सूचना निघाली. तेथे मुदत ४०,००० तासांची, म्हणजे ४ वर्षे, २०६ दिवस आणि १६ तासांची होती.

यातील खरी भीती वेगळीच आहे. सर्व्हरमध्ये एक डिस्क गेली तर दुसरीने सांभाळून घ्यावे, यासाठी त्या जोडीने बसवतात. या व्यवस्थेचा पाया असा की, दोन डिस्क एकाच वेळी सहसा जात नाहीत. पण दोन्ही एकाच दिवशी सुरू झालेल्या असतील आणि दोघींच्या पोटात तोच तास मोजणारा तोच दोष असेल, तर त्या जवळपास एकाच वेळी जातील. आता आपल्याकडच्या खरेदीची रीत आठवावी. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी निधी खर्ची पडायला हवा, म्हणून एकाच निविदेतून, एकाच कंपनीचे, एकाच तुकडीचे सर्व्हर मार्चमध्ये येतात आणि एप्रिलमध्ये एकाच दिवशी त्यांची कळ दाबली जाते. असे सदोष डिस्क असलेले यंत्र १ एप्रिलला सुरू झाले, तर त्याचे ३२,७६८ तास चौथ्या वर्षाच्या डिसेंबरअखेर भरतील, आणि सगळ्यांचेच भरतील. अशा वेळी सर्व्हरमध्ये कोणती डिस्क आहे, तिचे फर्मवेअर कोणते आणि ती किती तास चालली आहे, याची यादी ज्या कार्यालयात तयार असते ते वाचते. ज्या कार्यालयात ही यादी पुरवठादाराच्या फाइलीत असते आणि पुरवठादाराचा करार संपलेला असतो, त्याचे काय होते, हे सांगायला नको.

कराराचा विषय येथे ओघाने येतोच. फेब्रुवारी २०१४ पासून हिवलेट पॅकार्डने प्रोलायंट सर्व्हरचा सर्व्हिस पॅक आणि बायोसच्या नव्या आवृत्त्या हमी अथवा देखभाल करार चालू असलेल्या ग्राहकांपुरत्या मर्यादित केल्या. सुरक्षेशी संबंधित सुधारणा मात्र सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. डेलने आपली पॅकेजेस मोकळी ठेवली. निविदेत यंत्राची किंमत बारकाईने पाहिली जाते. त्या यंत्राचे फर्मवेअर सहाव्या वर्षी कुठून आणि कोणत्या अटीवर मिळणार, हे कलम मात्र क्वचितच कुणी वाचते.

घाईचीही किंमत

मग नवे आले की लगेच बसवावे, असे म्हणावे तर तेही नाही. ३ जानेवारी २०१८ रोजी 'स्पेक्टर' आणि 'मेल्टडाऊन' हे प्रोसेसरमधील दोष जगजाहीर झाले. खळबळ एवढी मोठी होती की, सर्व्हर कंपन्यांनी काही दिवसांतच इंटेलच्या नव्या मायक्रोकोडसह बायोसच्या आवृत्त्या बाजारात आणल्या. ज्यांनी तत्परतेने त्या बसवल्या, त्यांचे काही सर्व्हर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले. २२ जानेवारीला इंटेलनेच सांगितले की, ही आवृत्ती बसवणे थांबवा. कंपन्यांनी ती मागे घेतली. महिनाअखेरीस मायक्रोसॉफ्टला त्यातील एक संरक्षण बंद करणारे तातडीचे अद्ययावतीकरण काढावे लागले. ज्यांनी त्या दोन-तीन आठवड्यांत दहा यंत्रांवर आधी पाहू म्हणून हात राखला होता, ते सुटले.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार तर अनेकांच्या स्मरणात असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी फाइल जगभर पाठवली. ती स्वतः ड्रायव्हर नव्हती, पण विंडोजच्या गाभ्यात बसलेला कंपनीचा ड्रायव्हर ती वाचत असे, आणि वाचताच तो कोसळला. १० वाजून ५७ मिनिटांनी फाइल मागे घेण्यात आली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तेवढ्या वेळात सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास दिले गेले, त्यांची छायाचित्रे गावोगावच्या मोबाइलवर फिरली. फाइल सदोष होती हे खरे. पण ती एकाच वेळी सर्वांना गेली, हे त्या दिवसाच्या व्याप्तीचे खरे कारण होते. आधी शंभर, मग हजार, मग लाख, अशा पायऱ्यांनी ती गेली असती, तर पहिल्या पायरीवरच थांबली असती. नंतर कंपनीने हीच टप्प्याटप्प्याची पद्धत स्वीकारली.

सर्व्हरच्या फर्मवेअरबाबत ही पद्धत पुढीलप्रमाणे चालते. प्रथम सेवेत नसलेल्या, पण अगदी त्याच बनावटीच्या एका सर्व्हरवर गाठोडे बसवतात. 'अगदी त्याच' हा शब्द महत्त्वाचा, कारण रेड कंट्रोलर वेगळा असला तर परीक्षेला अर्थ राहत नाही. काही दिवस तो चालवून पाहिल्यावर कमी महत्त्वाच्या सेवेचे एक-दोन सर्व्हर घेतात. मग मुख्य सेवेची पाळी. आजकाल एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालतात, त्यामुळे एका यंत्रावरील काम शेजारच्या यंत्रावर हलवायचे, रिकामे झालेले यंत्र अद्ययावत करायचे, पुन्हा भार त्यावर आणायचा आणि पुढच्याकडे वळायचे, असे चक्र करता येते. नीट केले, तर खिडकीसमोरच्या माणसाला काही घडले याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी एखादे यंत्र राखीव असावे लागते, आणि क्षमतेच्या काठावर चालणाऱ्या केंद्रात तेच नसते.

परतीची वाट हा आणखी एक मुद्दा. ड्रायव्हर नवा त्रासदायक ठरला, तर जुना पुन्हा बसवणे बहुधा शक्य असते. फर्मवेअरचे तसे नाही. काही भाग जुनी आवृत्ती स्वीकारतच नाहीत, कारण जुन्या आवृत्तीतील सुरक्षेचा दोष कुणी मुद्दाम परत आणू नये, अशी त्यांची रचना असते. अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेली, तर भाग कायमचा निकामी होण्याचाही धोका असतो. चांगल्या सर्व्हरमध्ये बायोसच्या दोन प्रती ठेवून त्यावर तोड काढलेली असते, पण प्रत्येक डिस्क किंवा कार्डाला ही सोय असेलच असे नाही. माहिती केंद्रात जनरेटर असतात. तालुक्याच्या गावी, जेथे उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेथे एखाद्या पतसंस्थेच्या कोपऱ्यातील सर्व्हरला हात लावण्यापूर्वी यूपीएसची बॅटरी खरोखर किती वेळ टिकते, हे पाहणे नव्या आवृत्तीच्या माहितीपत्रकाइतकेच गरजेचे असते.

अशा छोट्या कार्यालयांचा हिशेब एरवीही वेगळाच. एक किंवा दोन सर्व्हर, पूर्णवेळ तंत्रज्ञ नाही, अमरावतीहून महिन्यातून एकदा येणारा माणूस आणि कित्येक गिगाबाइटचे गाठोडे उतरवण्यासाठी रात्रभर पुरणारी इंटरनेट जोडणी. येथे राखीव यंत्रावर परीक्षा घेणे परवडत नाही. त्यांच्यासाठी सोपी रीत अशी की, नुकतेच निघालेले गाठोडे न घेता काही महिने बाजारात राहिलेले, ज्याबद्दल तक्रारी आलेल्या नाहीत असे घ्यायचे. ते जिल्ह्याच्या ठिकाणी पेनड्राइव्हवर उतरवून आणायचे, माहितीची प्रत दुसरीकडे काढून ती उघडते का हे पाहायचे, आणि सुटीच्या दिवशी सकाळी, रात्री नव्हे, काम सुरू करायचे. रात्री बिघडले तर मदतीला कुणी फोन उचलत नाही. याला अपवाद एकच, सुरक्षेचा किंवा त्या ३२,७६८ तासांसारखा मुदतीचा दोष. तेथे थांबण्यात शहाणपणा नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. माहिती केंद्रांच्या देखभालीच्या वेळा बहुधा शनिवार-रविवारच्या रात्री ठरतात, आणि शहरातील कचेरीसाठी ते ठीकही आहे. खारपाणपट्ट्यातील कोरडवाहू शेतीचे दिनमान वेगळे. मे-जूनमध्ये पीक कर्जाची धावपळ, जुलैअखेर सहसा पीक विम्याची मुदत, २०२१ पासून पावसाळ्यात मोबाइलवरून ई-पीक पाहणी, पुढे सोयाबीन घरी आले की हमीभावाच्या खरेदीची नोंदणी, आणि मार्चअखेर कर्जफेड. मुदतीच्या आठवड्यातला रविवार हा येथे सुटीचा दिवस नसतो. उलट मजुरी बुडू नये म्हणून त्याच दिवशी माणसे सेवा केंद्रावर येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मुदतींचा भार तुलनेने हलका असतो. मोठी गाठोडी त्या काळात उघडली आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत केवळ तातडीच्या सुट्या फाइलींना परवानगी ठेवली, तर तंत्रज्ञाचे काम तेवढेच राहते. वेळापत्रक तेवढे बदलावे लागते, आणि ते ठरवणाऱ्या बैठकीत पेरणीची तारीख ठाऊक असलेला एक माणूस बसवावा लागतो.